आधी शून्य बघायचं

असं समजा, की तुम्ही डोक्यावरचा एक केस उपटलात. दुखलं ना? थोडंसंच. आता तो दोन बोटांत धरा आणि उजेडाकडे करून बघा. त्याची लांबी मोजायला तुमच्याकडे पट्टी आहे. पण जाडी? पट्टीवरच्या दोन जवळच्या रेघांमध्ये असे पंधरा-वीस केस शेजारी शेजारी मावतील. मग कशाने मोजाल?

विचार करा. मला घाई नाही.

दिव्यश्रीला याचं उत्तर पाचव्या वाढदिवसाला मिळालं. ती बंगळूरला जयनगरात राहते आणि आता दहा वर्षांची आहे. तिचे आजोबा जयसिंगराव यांनी पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका शेडमध्ये, चाळीस वर्षं लेथ चालवली. लेथ म्हणजे लोखंड गरागरा फिरवत ते हवं तसं कापणारं यंत्र. हे घराणं मराठी, पण बंगळुरात इतक्या पिढ्या राहिलेलं, की त्यांच्या घरी आजोबांना आजोबा म्हणत नाहीत, अज्जा म्हणतात.

अज्जांकडे एक मायक्रोमीटर होता. घोड्याच्या नालेसारखा वाकडा, तळहातावर मावेल एवढा, लाकडी पेटीत हिरव्या कापडावर ठेवलेला. त्याच्या दोन टोकांमध्ये वस्तू धरायची, मूठ फिरवत आणायची आणि शेवटी टोकाशी असलेली बारीक खिट्टी फिरवायची. ती किर्र, किर्र, किर्र अशी तीनदा वाजली की थांबायचं. मग जाडी वाचायची. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले किती, तेही कळतं.

दर वाढदिवसाला अज्जा दिव्यश्रीचा एक केस मोजायचे आणि पेटीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने आकडा लिहायचे. पण केसावर भागायचं थोडंच. ते पिंपळाचं पान मोजायचे, दोसा मोजायचे. एका रविवारी त्यांनी चपात्या मोजल्या. आईची दीड मिलिमीटर भरली. अप्पाची, म्हणजे दिव्यश्रीच्या वडिलांची, अडीच.

"ऋतुराज," अज्जा म्हणाले, "ही चपाती नाही. ही बसच्या इंजिनात बसवायची चकती आहे."

अप्पाने त्यानंतर महिनाभर लाटणं हातात धरलं नाही.

मोजण्याचा एक नियम होता आणि तो अज्जा कधी मोडू द्यायचे नाहीत. वस्तू आत ठेवण्याआधी रिकामा मायक्रोमीटर मिटायचा आणि त्याची रेघ शून्यावर येते का ते बघायचं. "आधी शून्य बघायचं, पुट्टी," ते म्हणायचे. पुट्टी म्हणजे छोटी. "शून्य कुठे आहे तेच माहीत नसेल, तर पुढे मोजलेलं सगळं वाया."

आता पुढचं सांगतो.

जूनमध्ये अज्जांच्या तळपायाला जखम झाली. त्यांना साखरेचा आजार होता, त्यामुळे ती लवकर भरेना, उलट चिघळली. अकरा दिवस ते इस्पितळात होते. घरी आले ते काठी घेऊन. शेड त्यांची आणि त्यांचे मित्र नागराज यांची, दोघांच्या भागीत. नागराजना एकट्याने ती रेटेना. ऑगस्टमध्ये शेड बंद झाली, यंत्रं दुसऱ्या कुणी नेली. अज्जा त्या दिवशी पीण्याला गेले नाहीत. पायाचं निमित्त होतंच.

अज्जा इस्पितळातून आले तेव्हापासूनच पायाचं ड्रेसिंग करायला घरी एक नर्स येत होती. तिचं नाव सौम्या. सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी साडेनऊला पाठीवर निळी बॅग घेऊन ती यायची. घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करायची, हे तिचं काम. ती कन्नड बोलायची आणि दिव्यश्रीचं कन्नड गल्लीत खेळून पक्कं झालेलं, म्हणून दोघींचं छान जमायचं. त्यांचं बोलणं मी इथे मराठीतच सांगतो.

सौम्याचा हात हलका होता. ती अज्जांच्या पायाशी बसायची, जखम धुवायची, कागदी पट्टीने लांबी-रुंदी मोजायची आणि तक्त्यात लिहायची. जखम चार सेंटिमीटर होती ती तीन झाली, मग दोन, मग एक. तक्त्याच्या शेवटी एक ओळ होती, 'रुग्णाचं वागणं'. तिथे सौम्या दर वेळी लिहायची, 'शांत. सहकार्य करतात.'

आणि ते खरंच होतं. अज्जा कशालाच नाही म्हणत नसत. जेवायचं? सरी. औषध घ्यायचं? सरी. टीव्ही बंद करू? सरी. आपण 'बरं' म्हणतो ना, तसं ते 'सरी'. नागराजांचा फोन आला की मात्र ते हाताने 'नंतर' अशी खूण करायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बंगळुरात घरोघरी अवजारांची पूजा होते. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, यंत्रांना हळदकुंकू लावतात. दर वर्षी मायक्रोमीटरची पेटी पाटावर मधोमध असायची. या वर्षी अज्जा म्हणाले, "नको, राहू दे." घरच्यांना वाटलं, पाय दुखतोय.

"काही त्रास नाही हो त्यांचा," आई शेजारणीला सांगायची. "इतके गुणी पेशंट झालेत."

नोव्हेंबरातल्या एका दुपारी अज्जांनी दिव्यश्रीला जवळ बोलावलं आणि लाकडी पेटी तिच्या हातात ठेवली.

"तुला घे."

"मोजायला?"

"नाही. तुलाच. कायमची." मग ते म्हणाले, "कुणाला सांगू नको. तुझा अप्पा उगीच प्रश्न विचारत बसेल."

तुम्हाला मिळाली असती तर तुम्ही काय केलं असतं? दिव्यश्रीने तेच केलं. तिने शपथ घेतली, पेटी दप्तराच्या तळाशी ठेवली आणि दिवसातून चार वेळा उघडून बघितली. इतकी मौल्यवान वस्तू आपली झाली, या आनंदात तिला आणखी काही सुचलंच नाही.

पुढच्या शनिवारी सौम्या आली तेव्हा अज्जा अंघोळीला गेले होते. आता त्यांना अंघोळीला फार वेळ लागायचा. सौम्या बाल्कनीत स्टुलावर बसली आणि बॅगेतून एक कागद काढून पुटपुटू लागली.

"परीक्षा आहे?" दिव्यश्रीने विचारलं.

"परीक्षाच म्हण. आम्हा नर्सेसना दर शुक्रवारी शिकवणी लावलीय. मनस्विनी मॅडम शिकवतात. म्हातारी माणसं मनाने आजारी पडली तर ते ओळखायचं कसं, ते."

"मनाने आजारी म्हणजे रडतात?"

"मलाही तसंच वाटायचं. मॅडम म्हणतात, म्हातारी माणसं बहुतेक वेळा रडत नाहीत. जेवण कमी होतं. पहाटेच जाग येते. आवडीच्या गोष्टी नकोशा होतात. आणि घरचे म्हणतात, वय झालं." सौम्याने कागद हलवला. "प्रश्न सोपे आहेत ग. पण विचारताना माझी जीभच अडखळते. सोमवारी मॅडम माझ्याबरोबर एका पेशंटकडे येणार. त्याआधी कुणावर तरी सराव करायचाय."

"माझ्यावर कर."

"तू म्हातारी आहेस?"

दिव्यश्रीने आईची ओढणी डोक्यावरून घेतली, पाठीला पोक काढला आणि स्टूल ओढून बसली. "मी जमनाबाई. वय ब्याऐंशी. दात तीन. विचार, काय ते."

सौम्या हसली, मग गंभीर झाली. "जमनाबाई, गेल्या दोन आठवड्यांत, पूर्वी ज्या गोष्टींत रमायचात, त्यांत मन लागत नाही असं झालंय का?"

दिव्यश्रीच्या ओळखीचं म्हातारं माणूस एकच होतं. तिने मान खाली घातली आणि हाताने 'नंतर' अशी खूण केली.

"झोप कशी लागते?"

"पहाटे तीनला उठते. छताकडे बघते."

"जेवण?"

"सरी."

"सरी म्हणजे किती? दोन चपात्या? एक?"

"अर्धी. उरलेली ताटाखाली सरकवते, म्हणजे सूनबाईला दिसत नाही."

सौम्याचं पेन थांबलं. "पुट्टी, हे तू मनाने बनवून सांगतेस?"

"नाही." दिव्यश्रीने ओढणी खाली घेतली. "अज्जा असंच करतो."

आत न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालूच होता. सौम्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "पाच महिने येतेय मी इथे," ती म्हणाली. "पाय बघते. पाय मोजते. खाली मान घालून 'कसं आहे' विचारते आणि ते बरं म्हणाले की लिहून टाकते." मग तिने विचारलं, "पूर्वी कसे होते ग ते? मी तर आजारपणानंतर आले. मला ते माहीतच नाही."

दिव्यश्रीला एकदम काहीतरी कळलं. "म्हणजे तू शून्य बघितलंच नाहीस."

"काय?"

मग दिव्यश्रीने तिला सगळं सांगितलं. शून्याचा नियम, पिंपळाचं पान, दोसा, अप्पाची चपाती. अज्जा रेडिओवरच्या बातम्यांशी कसे भांडायचे. सकाळी दाढी करताना शीळ कशी घालायचे, इतकी बेसूर की वरच्या मजल्यावरून खिडकी लावल्याचा आवाज यायचा. सौम्या ऐकत होती, लिहीत होती. शेवटी तिने कागदावरची राहिलेली ओळ वाचली.

"आणि हे एक. आपल्या जिवाभावाच्या वस्तू कुणाला देऊन टाकतायत का?"

दिव्यश्रीने दाराकडे बघितलं.

तिचं दप्तर बाल्कनीच्या दारामागेच लटकत होतं. तिला ते दिसत होतं. तिने शपथ घेतली होती, आणि शपथ मोडली की अज्जा पुन्हा कधी काही सांगणार नाहीत, हेही तिला ठाऊक होतं. न सांगावं, तर पेटी तिचीच राहिली असती. सांगावं, तर पेटी जाणार आणि अज्जाही रागावणार.

सौम्याने घाई केली नाही. "मॅडमनी आम्हाला एक सांगितलंय," ती हळूच म्हणाली. "पेशंट म्हणाला 'कुणाला सांगू नका', तर तसं वचन द्यायचं नाही. त्याला जपायचं असेल तर कधीकधी सांगावं लागतं."

"मी तर दिलं," दिव्यश्री म्हणाली. "मला वाटलं, बक्षीस आहे."

"देताना त्यांना तुझंच नाव सुचलं ना? मग बक्षीसच आहे ते. तुझं काही चुकलं नाही, पुट्टी."

दिव्यश्री उठली. तिने दप्तर उघडलं, वह्या बाजूला केल्या आणि पेटी सौम्याच्या मांडीवर ठेवली.

थोड्या वेळाने अज्जा पलंगावर येऊन बसले. दर वेळी सौम्या पायाशी बसायची. आज तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली, चेहऱ्याला चेहरा येईल अशी.

"अज्जा, पाय नंतर. आधी तुमच्याशी बोलायचंय. आवडीच्या गोष्टींत मन लागत नाही असं झालंय का?"

आई, म्हणजे नीलिमा, कणकेच्या हातांनीच दारात आली. ती पुण्याची, सर्जापूर रोडच्या ऑफिसात कामाला, आणि तिला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पटकन द्यायची सवय. "अ‍ॅक्च्युअली ना, ते तसे ओके आहेत. फक्त अपेटाइट थोडं..."

"अक्का, स्वल्प थांबा," सौम्या म्हणाली. "त्यांना सांगू दे."

आई थांबली. सौम्याने पुढे काही विचारलं नाही. मनस्विनी मॅडमनी शिकवलं होतं, प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं, तोवर तोंड उघडायचं नाही. दाराआड उभी राहून दिव्यश्रीही मोजत होती. चार. पाच. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. आठ. नऊ.

"पाय बरा होतोय," अज्जा म्हणाले. "पण बऱ्या पायाने जायचं कुठे, सांग."

मग ते स्वतःहूनच पुढे बोलले. "चाळीस वर्षं सकाळी सातला घर सोडलं. आता तीनला जाग येते आणि सात वाजायची वाट बघतो. सात वाजले की तुम्ही सगळे धावपळीत. मी मध्ये. मला ओलांडून जाता. तुमची चूक नाही, नीलिमा. घर लहान आहे."

आईने पिठाचा हात तोंडाशी नेला.

सौम्याने खुर्ची आणखी पुढे ओढली आणि विचारलं. "अज्जा, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं?"

"करावं असं नाही." अज्जांनी आपल्या हातांकडे बघितलं. "पण एखाद्या सकाळी जाग आलीच नाही, तर बरं, असं वाटतं."

मुलांनो, हे वाक्य ऐकायला जड आहे, मला ठाऊक आहे. तरी मी ते गाळलं नाही, कारण ते बोलून झाल्यावर काय झालं ते सांगायचंय. अज्जांचे खांदे खाली आले. डोक्यावरची गोणी उतरवल्यावर हमालाचे येतात ना, तसे.

"तुम्ही सांगितलंत, बरं केलंत," सौम्या म्हणाली. "हा हट्ट नाही आणि म्हातारपणही नाही. हा आजार आहे, आणि पायाच्या जखमेसारखाच भरून येतो. पण त्याला डॉक्टर लागतो. मी आत्ताच फोन करते. आणि हे मी घरात सांगणार आहे, लपवणार नाही."

"सरी," अज्जा म्हणाले.

त्या दिवशी सौम्याने तक्त्यावर पायाची मापं लिहिली. मग 'रुग्णाचं वागणं' ही ओळ तिला पुरेना, म्हणून कागद उलटा करून मागे पानभर लिहिलं. अप्पा ऑफिसातून दुपारीच घरी आला. संध्याकाळी ते अज्जांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्त तपासलं, एक नवी गोळी सुरू झाली आणि दर आठवड्याला एका समुपदेशकांशी बोलायचं ठरलं. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. तोवर अज्जांना फार वेळ एकटं ठेवू नका, असंही सांगितलं.

पेटी अज्जांच्या पलंगाशेजारी टेबलावर परत आली. अज्जांनी ती बघितली.

"सांगितलंस," ते म्हणाले.

"हो," दिव्यश्री म्हणाली.

अज्जांनी भिंतीकडे कूस केली.

ती रात्रभर नीट झोपली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, शाळेचा गृहपाठ टाकून, ती अज्जांच्या खोलीत गेली, पेटी उघडली आणि एक पान मोजलं. आकडा मोठ्याने वाचला. अज्जा भिंतीकडेच तोंड करून होते. तिने पेटी मिटली आणि ती खेळायला गेली. त्याच्या पुढच्या दिवशी वहीचा पुठ्ठा. मग मांजाचा दोरा, कढीपत्ता, अप्पाच्या शर्टाचं बटण. रोज चारला. एकदा नागराज आले होते. तेही खुर्चीत बसून तिचं मोजणं बघत राहिले आणि जाताना अज्जांच्या पायावर हात ठेवून म्हणाले, "उद्या येतो. बोलू नकोस हवं तर. मी कॉफी पिऊन जाईन." आणि ते खरंच आले.

काही दिवस बरे जायचे, काही नाही. एक दिवस अज्जा उठलेच नाहीत, पडूनच राहिले. दिव्यश्रीने त्या दिवशी खिट्टी अगदी हळू फिरवली. सौम्या येत होती, आधी समोर बसत होती, मग पायाशी. तिने दिव्यश्रीला सांगून ठेवलं होतं, "पाय भरायला पाच महिने लागले. मोजत राहा."

तीन आठवडे झाले असतील. रविवार होता. दिव्यश्रीने ताटातल्या चपातीचा तुकडा आणला, मायक्रोमीटर उघडला, तुकडा मधे धरला आणि मूठ फिरवू लागली.

"थांब," अज्जा म्हणाले.

ती थांबली.

ते कोपरावर जोर देऊन उठून बसले. त्याला वेळ लागला. मग त्यांनी चष्मा चाचपला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "शून्य बघितलंस?"

खरं सांगायचं तर, एकवीस दिवसांत तिने एकदाही बघितलं नव्हतं. पहिल्या दिवशी विसरली होती. नंतरचं मला माहीत नाही. मी तिला विचारलं तेव्हा ती नुसती हसली.

दिव्यश्रीने तुकडा बाजूला काढून बशीत ठेवला. मायक्रोमीटर अज्जांच्या हातात दिला. मग ती स्वयंपाकघरात पळाली, आणि आईची एक चपाती आणि अप्पाची एक चपाती, अशा दोन्ही, दोन वेगळ्या ताटल्यांत घेऊन आली.